फियानो की ग्रेको? एकच बाटली मागवायची असेल तर

इटलीहून कोणी येत असेल तर माणशी २ लिटर दारू ड्यूटी-फ्री आणता येते, त्यातलं १ लिटर व्हिस्कीत गेलं की वाइनची एकच बाटली बसते आणि मग प्रश्न येतो कुठली सांगायची. व्हाइट हवी असेल आणि सगळीकडे मिळणारी पिनो ग्रिजो सोडून तिथल्या मातीतलं द्राक्ष चाखायचं असेल तर माझ्या मते दोन नावं, फियानो दि आवेल्लिनो आणि ग्रेको दि तूफो.

दोन्ही नेपल्सच्या आतल्या बाजूला इर्पिनिया म्हणून डोंगराळ भाग आहे तिथल्या. दोघींनाही डीओसीजी हा सगळ्यात वरचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, दोघींतही मुख्य द्राक्ष कमीत कमी ८५ टक्के लागतं. महायुद्धानंतर शेतकरी भरघोस पीक देणाऱ्या जातींकडे वळत होते तेव्हा मास्त्रोबेरार्दिनो घराण्याने या जुन्या वेली धरून ठेवल्या, म्हणून आज निवडायला दोन्ही आहेत.

ग्रेको फक्त ८ गावांत होते, त्यातल्या तूफो गावात गंधकाची खाण होती. ग्लासात ओतलीत की रंग जरा गडद पिवळा दिसतो, पहिल्या घोटाला आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना लागतो, मग पीच, आणि शेवटी कडू बदामासारखी चव रेंगाळते जी मला फार आवडते पण काहींना अजिबात नाही. बोंबील फ्राय किंवा रव्यात तळलेली सुरमई असेल तर ग्रेकोच, लिंबू पिळायचीसुद्धा गरज वाटत नाही.

फियानोचं तसं नाही. फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर म्हणाल यात काय आहे एवढं, थोडा पेअर, थोडी पांढरी फुलं, बास. पण अर्धा तास ग्लास तसाच राहू द्या, थंडावा १२ डिग्रीच्या आसपास आला की मध येतो, मग भाजलेल्या हेझलनटचा वास, आणि मजा म्हणजे हेझलनटचं लॅटिन नावच मुळी तिथल्या आवेल्ला गावावरून पडलंय. लापियो, सुम्मोंते या उंचावरच्या गावांची फियानो चांगल्या वर्षाची असेल तर ८-१० वर्षंही आरामात टिकते आणि उलट जास्तच खुलते. ग्रेकोही टिकते, पण मी तरी ती ३-४ वर्षांच्या आत संपवतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ग्रेकोला हवा आणि उष्णता सोसत नाही, पटकन ऑक्सिडाइज होते. मी एकदा इथल्याच एका दुकानातून घेतली, उन्हाच्या बाजूला शेल्फवर उभी होती, घरी येऊन उघडली तर रंग चहासारखा आणि वास नासक्या सफरचंदाचा, एवढे पैसे आणि एवढी हौस पाण्यात गेली. त्यामुळे बाटली मे महिन्यात येणार असेल किंवा घरी वाइन ठेवायला थंड जागा नसेल तर ग्रेको नको. लांबच्या प्रवासात फियानोची भीती मला त्यामानाने कमी वाटते.

नाशिकची शेनिन ब्लाँ आवडत असेल तर एक लक्षात घ्या, या दोघींत गोडवा शून्य आणि अल्कोहोल साधारण १३ टक्के, म्हणजे झणझणीत मालवणी रश्श्याबरोबर तिखट अजून झोंबतं. नारळाच्या दुधातली कमी तिखट कोलंबी असेल तर फियानो छान लागते.

माझं मत विचाराल तर पहिलीच बाटली असेल तर फियानो सांगा. चार जण जमून त्याच रात्री मासे तळून संपवणार असाल तर ग्रेको. छोट्या, हाताने काम करणाऱ्यांमध्ये फियानोसाठी चिरो पिकारिएल्लो, ग्रेकोसाठी बेनितो फेर्रारा, आणि पिएत्राकूपा दोन्ही बनवतात. आणणाऱ्याला लेबलवरचं साल वाचायला सांगा, ग्रेको ताजी, फियानो दोन-तीन वर्षं जुनी असली तरी बिनधास्त घ्या, आणि बाटली चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध.