हायपो की बाटलीतला कंडिशनर? पाणी बदलताना काय घालावं

माशांच्या टाकीचं पाणी बदलताना नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायचे तीन मार्ग सगळ्यांना ठाऊक आहेत: पाणी शिळं करून वापरणं, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक, आणि बाटलीत मिळणारा घट्ट कंडिशनर, म्हणजे क्लोरीन मारणारं तयार द्रव औषध.

शिळ्या पाण्याचा निकाल आधी लावतो. एका दिवसात साधा क्लोरीन उडून जातो, एअरस्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला किंवा ऊन लागलं तर त्याहून लवकर. खर्च शून्य, आणि पाणी घरात राहिल्याने तापमानही टाकीशी जुळतं. पण फ्लॅटमध्ये भरलेला ड्रम ठेवायला जागा हवी. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, त्यामुळे तोंडाला जाळीचं फडकं बांधावं लागतं. शिवाय फिल्टर बंद पडून टाकी गढूळली, तातडीने पाणी बदलायची वेळ आली, की नेमका ड्रम रिकामा असतो. ज्यांच्याकडे गच्ची किंवा अंगण आहे त्यांनी खुशाल हाच मार्ग धरावा. बाकीच्यांसाठी प्रश्न उरतो तो दोन बाटल्यांचा.

साध्या क्लोरीनवर दोन्हींचं काम सारखंच आणि जवळजवळ तत्काळ होतं. तिथे डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. बादलीत आधी औषध, मग नळाचं पाणी जोरात सोडायचं म्हणजे आपोआप ढवळलं जातं, आणि दोन मिनिटांनी पाणी टाकीत ओतायचं. क्लोरीन किती असतो याचा अंदाज मात्र हवा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात ग्राहकाच्या नळाला मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा, असं आहे. प्रत्यक्षात पंपिंग स्टेशनच्या जवळच्या वस्तीत तो जास्त मिळतो, पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे मात्रा वाढते, आणि सोसायटीची टाकी ब्लिचिंग पावडरने धुतली त्या दिवशी तर काही विचारू नका. म्हणून हिशोब लिटरला 2 मिलिग्रॅम धरून केलेला बरा.

आता माझं मत जिथे एका बाजूला झुकलं ती गोष्ट. घट्ट कंडिशनरच्या बाटलीवर साधारणपणे 200 लिटरला 5 मिली अशी मात्रा असते. म्हणजे 20 लिटरच्या बादलीला अर्धा मिली. दोन फुटी टाकीला एका वेळी 15 लिटर बदललं तर 0.375 मिली! हे झाकणाने मोजून दाखवा. झाकणाच्या आतला एकेक आटा साधारण 1 मिलीचा, त्याचा अर्धा म्हणजे नजरेचा खेळ. ओतताना थेंब काठाला चिकटतो, बाटलीवरून ओघळतो, आणि कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. यावर इन्सुलिनची सिरिंज हा उपाय आहे, नाही असं नाही. पण दर वेळी ओली सिरिंज बाटलीत बुडवायची नाही हे घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवावं लागतं. माझा अनुभव असा, की मोजमाप कंटाळवाणं झालं की माणूस ‘थोडंसं’ घालू लागतो, आणि ते थोडंसं बहुतेक वेळा दुप्पट-तिप्पट असतं. तेवढ्याने मासे सहसा दगावत नाहीत, पण महागाची बाटली निम्म्या वेळात संपते. उलट मोठ्या प्रमाणात जास्त झालं तर असे क्षपणक पदार्थ पाण्यातला ऑक्सिजनही खातात, म्हणून पाणी बदलताना एअर पंप चालू असलेला बरा.

हायपोत ही कटकट नाही, कारण द्रावणाची तीव्रता आपण ठरवतो. पुस्तकी हिशोब सोपा आहे. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला सावधपणे 7 मिलिग्रॅम स्फटिक धरायचे, म्हणजे 2 मिलिग्रॅम क्लोरीनला लिटरमागे 14. सोयीसाठी 15 धरा. 15 ग्रॅम स्फटिक थोड्या पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली करायचे, की 1 मिलीला 10 लिटर असा हिशोब बसतो. 20 लिटरची बादली, 2 मिली. 15 लिटर, दीड मिली. 5 मिलीची साधी सिरिंज पुरते आणि आकडे डोक्यात राहतात. 100 मिलीत 1000 लिटर पाणी होतं, 500 ग्रॅमच्या पुड्यात अशा 33 बाटल्या. पैशाची तुलना करायची गरजही पडत नाही.

द्रावण करताना आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, बाटली गडद रंगाची, झाकण घट्ट. विरघळताना बाटली हाताला गार लागते, घाबरू नका. पुढे द्रावण दुधी दिसू लागलं किंवा तळाशी पिवळसर साका बसला तर थायोसल्फेट फुटून गंधक सुटतोय. ते ओतून नवं करायचं, गाळून वापरायचं नाही. म्हणूनच एका वेळी 100 मिलीच करावं. स्फटिक हवेत दमट होऊन गोळा होतात, तेव्हा पुडा हवाबंद बरणीत ठेवा. काही लोक बादलीला ‘दोन खडे’ असा हिशोब ठेवतात. एक खडा तांदळाएवढा, दुसरा हरभऱ्याएवढा. त्यात कसला हिशोब. दुकानातल्या छोट्या अँटीक्लोरीनच्या बाटल्यांतही बहुधा हाच माल असतो, पण तीव्रता छापलेली नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

एक खबरदारी गंभीर आहे. हॉस्पिटल आणि पालिकेच्या कामात सोडियम हायपोक्लोराइटलाही ‘हायपो’च म्हणतात. ते क्लोरीनचंच द्रावण! केमिकलच्या दुकानात ‘थायोसल्फेट’ असं पूर्ण नाव सांगा आणि रंगहीन, खडीसाखरेसारखे स्फटिक बघूनच घ्या. द्रव पुढे केला तर नको म्हणा.

घट्ट कंडिशनर कुठे उजवा ठरतो, तेही सांगायला हवं. पहिलं ठिकाण क्लोरामीन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं संयुग. हायपो क्लोरामीन फोडतो, पण त्यातला अमोनिया मोकळा सोडतो. अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी हा खरा मुद्दा आहे: वॉशिंग्टन डीसीमध्ये 2000 पासून आणि सॅन फ्रान्सिस्कोत 2004 पासून पाण्यात क्लोरामीन आहे, आणि ते रात्रभर ठेवून उडतही नाही. तिथे अमोनियाही बांधून ठेवण्याचा दावा करणारा कंडिशनर घेणं शहाणपणाचं. जुन्या, मुरलेल्या फिल्टरला तेवढा अमोनिया जड जात नाही, त्यातले जिवाणू तो पचवतात. पण टाकी नवी असेल किंवा पाण्याचा पीएच 8 च्या आसपास असेल तर धोका नको. आपल्याकडे सहसा साधा क्लोरीनच असतो. तरी उन्हाळ्यात नदीच्या पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असेल तर त्यातही क्लोरामीन तयार होतं. खात्रीसाठी पोहण्याच्या तलावासाठी मिळणारं ओटी (ऑर्थोटोलिडीन) किट घ्या, ते रंगावरून क्लोरीन दाखवतं. थेंब टाकताच पिवळा रंग आला तर मोकळा क्लोरीन. सुरुवातीला रंग फिकाच आला आणि पाच मिनिटांनी बराच गडद झाला तर क्लोरामीनचा संशय घ्या. कंडिशनर वापरल्यावर नेसलर पद्धतीच्या किटने अमोनिया मोजू नका, आकडा चुकीचा येतो.

दुसरं ठिकाण मोठी टाकी, थेट पाइपने भरायची. इथे नवं पाणी टाकीत पडल्यावर औषधाला भेटतं, म्हणून फक्त नव्या पाण्यापुरती मात्रा कमी पडू शकते. संपूर्ण टाकीच्या हिशोबाने, नळ सोडण्याआधी घालायचं. 200 लिटरच्या टाकीला हायपोचं द्रावण 20 मिली, कंडिशनर मात्र झाकणभर, बरोबर 5 मिली. बादलीला जी कटकट ती इथे नाहीशी होते. चार फुटी टाकी आणि लांब पाइप असेल तर मी कंडिशनर घेणाऱ्याशी वाद घालणार नाही. बादलीवाल्यांना मात्र हायपोच सुचवेन, आणि आपल्याकडे बहुतेक बादलीवालेच आहेत.

बोअरवेलचं पाणी थेट येत असेल तर दोन्हीची गरज नाही. सोसायटीत बोअर आणि पालिकेचं पाणी एकाच टाकीत पडत असेल तर मात्र क्लोरीन आहे असंच धरा. टँकरचं पाणी म्हणजे सगळाच अंदाज, तिथे ओटीचा थेंब दर वेळी.

आणि मात्रा बरोबर घालूनही मासे वर येऊन तोंड मारू लागले तर पुन्हा औषध ओतायच्या आधी बादलीत हात घालून बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी चांगलंच तापलेलं असतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. अशा दिवसांत सकाळी सहाच्या आत बादल्या भरून ठेवा.