भाजलेल्या पावलासाठी पोटरीचा फ्लॅप की मांडीचा?

"नुसतं कातडं लावून भागणार नाही का?" पाऊल खोल भाजलेल्या माणसाच्या घरचे आधी हेच विचारतात. भागतं, पण जखमेच्या तळाशी लालसर, जिवंत मांस असेल तर. ग्राफ्ट म्हणजे कातडीचा पातळ पापुद्रा. पहिले दोनेक दिवस तो तळातून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग खालून त्यात रक्तवाहिन्या शिरतात. आवरण गेलेल्या हाडावर किंवा कंडरेवर तो धरत नाही. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेला कातडीचा जाड तुकडा. (हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. कपाळाची कातडी वळवून नाक बांधल्याची पुण्याकडची हकीकत १७९४ सालीच लंडनच्या एका मासिकात छापून आली होती.)

पोटरीचा सुरल फ्लॅप खाली वळवून टाच किंवा घोटा झाकतात. मायक्रोस्कोप लागत नाही, वेळही कमी लागतो. पण त्याचा देठ, म्हणजे त्याला रक्त पुरवणारा जोडलेला भाग, घोट्याच्या जरा वर असतो. भाजणं तिथवर पोचलं असेल, तर हा पर्याय बाद. शिरांतलं रक्त तुंबून फ्लॅपचं टोक काळं पडण्याची भीती असते, मधुमेह्यांत जास्तच. पावलाची बाहेरची कड सहसा बधिर होते. बहुतेकांना ते सोसतं.

जखम मोठी असेल तर मांडीचा फ्री फ्लॅप. तो पूर्ण सुटा करून एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात. कित्येक तासांचं काम, आणि पहिल्या रात्री नर्स तासातासाला रंग बघते. गुठळी झाली तर लगेच पुन्हा थिएटरमध्ये. विजेच्या शॉकने भाजलं असेल तर जोड बराच वर, निरोगी वाहिनीवर घ्यावा लागतो, कारण वीज वरून दिसतं त्यापेक्षा आत जास्त नुकसान करते. जिथली टीम रोज असं काम करते, तिथेच हे करून घ्यावं असं मला वाटतं.

टाचेची जखम लहान आणि तळव्याची खोलगट कमान शाबूत असेल, तर या दोन्हींआधी कमानीच्या फ्लॅपचं विचारा. तळव्याचीच जाड कातडी, संवेदनाही टिकू शकते. माझा कौल त्यालाच.

काहीही ठरलं तरी तंबाखू, विडी, मिसरी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

मांडीचा फ्लॅप पावलावर फुगीर दिसतो, चप्पल बसत नाही. काही महिन्यांनी तो पातळ करून घेता येतो. तोवर मोठ्या मापाची मऊ पादत्राणं वापरा, घालण्याआधी झटका आणि रोज रात्री तळवा आरशात बघा, कारण आत खडा असला तरी त्या जागी कळणार नाही.