ओयेझवर फ्लॉवर्सची सुनावणी ऐकली, 5 पैकी 5
ओयेझ साइट एकदम फुकट, अमेरिकन सुप्रीम कोर्टात वकील जे बोलले ते ऐकायचं आणि समोर वाचतही जायचं, कायद्याचा गंध नसला तरी कळतं. मी 20 मार्च 2019 ची फ्लॉवर्स विरुद्ध मिसिसिपी लावली. डग इव्हान्स या सरकारी वकिलाने फ्लॉवर्स या एकाच माणसावर 6 वेळा खटला चालवला आणि ज्युरीतून, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटातून, 42 पैकी 41 कृष्णवर्णीय उडवले. सहाव्या वेळी ज्युरी निवडताना उडवलेल्या 5 कृष्णवर्णीयांना मिळून 145 प्रश्न आणि घेतलेल्या 11 गोऱ्यांना फक्त 12, अंगावर काटाच आला राव! सुप्रीम कोर्टात 7 विरुद्ध 2 न्यायाधीशांच्या मताने शिक्षा रद्द झाली खरी पण तोवर तो माणूस 22 वर्षं आत होता. हेडफोन लावून ऐका, मध्येच थांबवू नका.