सोमवारी दुपारी ३ ते ५ : महापालिकेच्या नस्त्या पाहण्याची सोय वापरून पाहिली

महापालिकेचे कागद नागरिकाला समोर बसून, स्वतः पाने उलटून पाहता यावेत, अशी एक सोय महाराष्ट्रात उपलब्ध आहे आणि ती ठाऊक असणारे लोक फार थोडे आहेत. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात जावे, हवी ती नस्ती, म्हणजे कामाची फाइल, मागावी, वाचावी आणि टिपणे काढावीत, इतकी ती साधी आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, १० रुपये शुल्क भरावे लागते आणि उत्तरासाठी ३० दिवस थांबावे लागते; येथे यातले काहीच नाही. गेल्या वर्षभरात मी ही सोय चार वेळा वापरली. तिच्याविषयी माझे मत चांगले आहे, परंतु ते पहिल्या भेटीनंतर बनलेले नाही.

या सोयीचा उगम पुण्याचा आहे. महेश झगडे पुणे महापालिकेचे आयुक्त असताना, माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यातून, पालिकेने दर सोमवारी आपल्या नस्त्या नागरिकांना खुल्या केल्या. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय काढून हीच पद्धत जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. तिच्यामागचा विचार सरळ होता. जी माहिती मागण्यासाठी लोक अर्ज आणि अपिले करतात, ती समोर बसून पाहता आली, तर अर्जही कमी होतील आणि अधिकाऱ्यांचा उत्तरे लिहिण्यात जाणारा वेळही वाचेल. मुळात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने कार्यालयांवर १७ बाबींची माहिती आपणहून जाहीर करण्याचे बंधन घातलेलेच आहे. सोमवारची सोय ही त्या बंधनाचीच पुढची पायरी आहे.

आमच्या गल्लीत मलनिस्सारण वाहिनी टाकून झाल्यावर रस्ता पूर्ववत केला गेला आणि पहिल्याच पावसात तो चेंबरच्या कडेने खचला. त्याची नस्ती पाहावी म्हणून मी आमच्या क्षेत्रीय कार्यालयात गेले. (कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, थोड्याफार फरकाने हेच चित्र इतरत्रही असेल.) दारावर या सोयीचा फलक नव्हता आणि चौकशीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने प्रथम माहिती अधिकाराचा अर्जच पुढे केला. शासन निर्णयाची प्रत दाखवल्यावर मला स्थापत्य विभागात पाठवण्यात आले. तेथील लिपिकांनी नम्रपणे सांगितले, “ताई, नस्ती साहेबांच्या टेबलावर आहे, पुढच्या सोमवारी या.” पुढच्या सोमवारी नस्ती मिळाली, बसायला खुर्चीही मिळाली आणि दोन तास मी ती पानापानाने वाचली. खरे सांगायचे तर मला त्यातून काही उमगले नाही. टिपण्या, मंजुरीचे शेरे, दरसूची, निविदेतील टक्केवारी, कार्यारंभ आदेश, देयके असे सगळे समोर होते आणि तरीही रस्ता का खचला आणि तो दुरुस्त करणे कोणाचे काम आहे, हे मला त्यात सापडेना.

तिसऱ्या वेळी मी एकटी गेले नाही. आमच्या भागात नागरी प्रश्नांवर काम करणारी एक लहान संस्था आहे. तिच्यातील एक निवृत्त अभियंता काका सोबत आले. त्यांनी नस्ती पुढून वाचलीच नाही. त्यांनी प्रथम निविदेच्या अटींचे पान काढले आणि दोषदायित्व कालावधीच्या ओळीवर बोट ठेवले: काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची होती. मग त्यांनी मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची वही, मागितली. ती नस्तीत नसते, वेगळी मागावी लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पुस्तिकेत भरावाच्या प्रत्येक थराची नोंद करण्यासाठी रकाने होते आणि धुमसाच्या म्हणजे दाबाईच्या नोंदीपुढे, आमच्या गल्लीच्या पानावर, फक्त एक आडवी रेघ होती. काकांनी त्या पानाची प्रत मागितली, दर पानाला २ रुपयांप्रमाणे पैसे भरले आणि कनिष्ठ अभियंत्यांच्या समोर बसूनच अर्ध्या पानाचे निवेदन लिहिले. त्यात आरोप एकही नव्हता. अट क्रमांक, पान क्रमांक आणि मागणी, एवढेच होते.

या प्रसंगातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट त्यानंतर घडली. कनिष्ठ अभियंत्यांनी निवेदन वाचले आणि ते म्हणाले, “हे असे लेखी आले की मला ठेकेदाराला नोटीस काढणे सोपे जाते.” त्यांच्याकडे अधिकार होता, परंतु दहा कामांचा रेटा असताना नेमके याच कामासाठी पत्र काढण्याचे कारण हाती नव्हते, ते कारण आमच्या कागदाने दिले. सहा आठवड्यांत रस्ता उकरून पुन्हा भरला गेला आणि पालिकेचा त्यात एक रुपयाही गेला नाही. नस्ती तीच होती, कार्यालय तेच होते. फरक इतकाच की ती वाचता येणारे कोणीतरी शेजारी बसले होते.

म्हणून या सेवेचे मूल्यमापन करताना मी पालिकेला आणि नागरी संस्थांना वेगवेगळे गुण देऊ शकत नाही. दार उघडण्याचे काम पालिकेचे आहे, पण आत काय आहे ते लोकांच्या भाषेत सांगण्याचे काम संस्थाच करू शकतात आणि दोन्ही एकत्र असतील तरच सामान्य माणसाच्या हाती काही लागते. पुण्यात २००६ पासून चालू असलेल्या नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकातही हेच दिसते. ब्राझीलमधील पोर्तु अलेग्री शहराने १९८९ मध्ये जगासमोर आणलेल्या कल्पनेचे ते पुणेरी रूप. आपल्या भागासाठी बाक, पदपथ, दिवे अशी पाच लाख रुपयांपर्यंतची कामे रहिवाशांनी सुचवायची असतात. परंतु काम पालिकेच्या अखत्यारीत बसेल अशा शब्दांत ते मांडायला संस्थांची मदत झाली की सूचना पुढे सरकतात, नाहीतर अर्ज पेटीतच राहतात. मुंबईत प्रजा फाउंडेशन या नागरी संस्थेने १९९९ मध्ये महापालिकेसोबत नागरिकांची सनद (पालिकेने कोणती सेवा किती वेळात द्यायची याची जाहीर हमी) तयार केली आणि २००३ मध्ये तक्रारींची ऑनलाइन नोंदणी व्यवस्था उभारण्यात तिला साथ दिली. तीच संस्था पुढे माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या आकड्यांवरून पालिकेच्या कामाचे अहवाल काढत राहिली. सहकार्य आणि जाब विचारणे ही दोन्ही कामे एकाच संस्थेला करता येतात, हे त्यातून स्पष्ट होते, आणि सहकार्य केले की टीकेचे तोंड बंद होते ही समजूत खोटी ठरते.

या सोयीतील उणिवा मात्र स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. सोमवार दुपारची वेळ नोकरदाराला आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याला परवडणारी नाही. ज्या वस्तीत रस्ते सर्वाधिक खचतात, त्या वस्तीतील माणूस अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून नस्ती वाचायला येणार नाही. कोणत्या नस्त्या आहेत याची यादी बाहेर लावलेली नसते, त्यामुळे काय मागायचे हेच कळत नाही. पानाचे छायाचित्र मोबाइलने काढू द्यायचे की नाही, याविषयी आमच्या कार्यालयात एका सोमवारी एक उत्तर मिळाले आणि दुसऱ्या सोमवारी वेगळे. शिवाय कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची पाने संकेतस्थळावर ठेवली, तर निम्म्या लोकांना कार्यालयात येण्याचीही गरज उरणार नाही. पालिकेला हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही, कलम ४ पुरेसे आहे.

संस्थांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. दर सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात एक टेबल आणि नस्ती वाचता येणारा एक माणूस, एवढे जरी त्यांनी दिले आणि पालिकेने त्या टेबलाला जागा दिली, तरी या सोयीचे रूप पालटेल. आमच्या काकांनी ते स्वतःपुरते सुरू केले आहे. गेल्या सोमवारी शेजारच्या वस्तीतील दोन महिला सार्वजनिक शौचालयाच्या देखभालीची नस्ती पाहायला आल्या होत्या. काकांनी त्यांच्यापुढे ती उघडली आणि पहिल्यांदा मोजमाप पुस्तिका मागायला सांगितली.