अनुयायी म्हणावं की भक्त?

दोन्ही शब्द निष्ठावानांसाठीच, पण एकाच्या जागी दुसरा घातला की वाक्य बिघडतं. ‘अनुयायी’ म्हणजे मागून जाणारा. अनु म्हणजे मागे, ‘या’ धातूचा अर्थ जाणे. त्यामुळे त्याला चालायला एखादी वाट हवी, म्हणजे विचार, पंथ, शिकवण. आपण गांधीजींचे अनुयायी म्हणतो, मार्क्सवादाचेही म्हणतो. मार्क्सवादाचे भक्त म्हटलं, की टोमणा झालाच!

‘भक्त’ आला ‘भज्’ धातूपासून. इथे शिकवणीपेक्षा ओढ मोठी. विठ्ठलाचा भक्त असतो, अनुयायी नसतो; देवाच्या मागे चालायचं नसतं, त्याला भजायचं असतं. शिवाय हा शब्द समासात सहज मिसळतो: देशभक्त, मातृभक्त, शिवभक्त. ‘देशानुयायी’ म्हणून बघा, जीभ अडखळते.

गेल्या काही वर्षांत राजकीय वादांत ‘भक्त’ सरळसरळ टिंगलीचा झाला, त्यातून ‘अंधभक्त’ फोफावला. माझ्या मते यात त्या शब्दाचं नुकसानच झालं. एखाद्या नेत्याच्या समर्थकांबद्दल बातमी लिहायची असेल तर ‘अनुयायी’ किंवा नुसतं ‘समर्थक’ लिहा. नटाच्या किंवा खेळाडूच्या बाबतीत दोन्ही नकोत, तिथे ‘चाहते’ आहेतच.