ड्रिलचा आवाज दोनदाच आला होता

एकूण १८,१४८ रुपये गेले. आकडा इथेच सांगून टाकतो, घरी अजून पूर्ण सांगायची हिंमत झालेली नाही.

माझी गाडी २०१७ची. नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले ते १ जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या गाडीवाल्यांनी आपली मान वळवायची. माझी मान वळत नाही, स्पॉन्डिलायटिस आहे. त्यात आमचं पार्किंग म्हणजे डावीकडे खांब आणि उजवीकडे शेजाऱ्यांची कोरी गाडी. अशात जाहिरात दिसली: चार सेन्सर, डिस्प्ले, घरी येऊन फिटिंग, १,९९९. आता यात हावरटपणा कुठे आला? दुकानात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा माणूस दारात येतोय, एवढाच विचार केला. ४९९ ॲडव्हान्स भरले.

पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, टी-शर्टवर कंपनीचं नाव. गाडीभोवती चक्कर मारून म्हणाला, "काका, तो सेट तुमच्या गाडीला नाही चालणार, खोटे बीप देतो. ओरिजिनल लावा, ३,२०० होतील." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. वायरिंगचे ४५०. बंपरच्या रंगाचे सेन्सर हवेत तर ६०० वर. ॲडव्हान्स धरून ४,७४९. बिल? "व्हॉट्सॲपवर येईल ना काका." बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय.

आता रात्री झोप उडवते ती गोष्ट. तो म्हणाला, ऊन आहे, वर बसा, झालं की हाक मारतो. मी चहा टाकला. खालून ड्रिल ऐकू आलं. घर्रर्र, थांबलं. परत घर्रर्र, थांबलं. मग काहीच नाही. मी गाळणं हातात धरून उभा. चार सेन्सरना चार भोकं लागतात हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण माझ्या डोक्यात काय आलं, तर ‘वा, काय हाताची सफाई आहे पोराच्या!’

सफाई होतीच.

टेस्ट घेतली ती अशी. मी गाडीत, तो गाडीच्या बरोब्बर मधोमध मागे. "टाका रिव्हर्स." बीप बीप, डिस्प्लेवर १.२, ०.८, ०.४. मी खूश. ‘बाबा रे, जरा त्या कोपऱ्यात उभा राहा’ एवढं सात शब्दांचं वाक्य मला सुचलं नाही. मग त्याने मागच्या बाजूचा फोटो काढला, म्हणाला कामाचा फोटो ऑफिसला पाठवावा लागतो. डिकी त्यानेच बंद केली. वर चहा पाजला, तो हिशेबात धरलेला नाही.

पाचव्या दिवशी डावा कोपरा खांबावर गेला. डिस्प्ले गप्प. मी सेन्सरच्या भरवशावर आरामात मागे येत होतो, पूर्वी निदान घाबरत तरी यायचो. टेललाइट आणि बंपर मिळून ८,६५०. विम्यातला पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवायचा नव्हता, म्हणून खिशातून भरले.

गाडी गॅरेजला द्यायच्या आदल्या संध्याकाळी भाचा आला. इंजिन बंद, हँडब्रेक, नुसती इग्निशन, गिअर रिव्हर्सला. मग मला खाली बसवून म्हणाला, "मामा, कान लाव." या सेन्सरमधून साधारण ४० किलोहर्ट्झच्या लहरी निघतात. त्या आपल्याला ऐकू येत नाहीत, पण कान अगदी टेकवला की बारीक टिकटिक कळते. मधले दोन टिकटिकत होते. उजवा कोपरा मुका. भाच्याने त्याच्या कडेला नख घातलं आणि तो सेन्सर चक्क बंपरवरून सुटून त्याच्या तळहातावर आला. मागे डबल टेप. वायर नाही, भोक नाही, खाली माझा बंपर जसाच्या तसा. डावा धडकेत कुठे उडाला कुणास ठाऊक. डिकीतलं अस्तर सरकवलं तर कंट्रोल बॉक्सवर ए, बी, सी, डी चार जागा, पैकी दोनच पिना लावलेल्या. तुम्ही बसवून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी डिकी उघडून पिना मोजा.

इथे थांबलो असतो तर १३,३९९ वर निभावलं असतं. त्या फिटिंगवाल्या पोराचा फोन बंद, म्हणून संतापाच्या भरात कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिला दिसला तो लावला. अतिशय अदबीचा माणूस. "सर, ४,७४९ रिफंड मंजूर, पडताळणीसाठी क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः मेहुणीला ओरडून सांगितलेलं आहे. तरी टाकला. आणखी ४,७४९ गेले, रुपयाचाही फरक नाही.

लाज वाटून दोन दिवस गप्प बसलो. हा मूर्खपणा करू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच मिनिटाला फोन करा, पैसे समोरच्याच्या खात्यात असेपर्यंतच काही अडवता येतं.

मग चौकी. सेन्सरचं प्रकरण दिवाणी, ग्राहक आयोगाकडे जा. क्यूआरचं सायबरला. सायबरवाले म्हणाले, आधी चौकीतून पत्र आणा. चौकीत पत्र देणारे साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला एकाने अर्ज घेतला, वाचला आणि विचारलं, "काका, शिकलेले दिसताय, तरी?" बाकीचे हसले. पोचपावती मागितली तर म्हणे झेरॉक्सवर शिक्का उद्या मिळेल. गळ्यात ओळखपत्र घालून दिवसाढवळ्या बंपरला टिकल्या चिकटवणारा मोकळा फिरतोय, आणि शिक्क्यासाठी वणवण कोणी करायची, तर मी! बँकेत तर बसायलाही सांगितलं नाही. "पिन तुम्हीच टाकलात ना?" रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक घरी येऊन वाचलं. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकाचंच. म्हणजे बँकवाला बरोबर होता, याचा राग वेगळाच.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पण तक्रार कुणाविरुद्ध? बिल नाही, पत्ता नाही, ओळखपत्राचा फोटो काढायचं सुचलं नाही.

भाच्याने नंतर साधा सेट आणून दोन तासांत बसवला. गोल करवतीचं बिट सेटमध्येच येतं. बंपरवर आधी टेप लावायची, जमिनीपासून पन्नासेक सेंटिमीटरवर खुणा, सेन्सरवरचा बाण वरच्या दिशेला, लाल वायर रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हला. ड्रिल चालू होतं तेव्हा मी शेजारी उभा राहून मोजत होतो.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नाव नवं, किंमत १,७९९. ‘आमचं काम’ म्हणून खाली बंपरचा फोटो आहे, नंबर प्लेट पुसट केलेली. उजव्या टोकाला किल्लीने ओढलेला वाकडा ओरखडा आहे. तो मी ओळखतो, माझ्याच गाडीचा आहे.