सांगलीहून केदार-बद्री: टूरवाल्यांचा अनुभव

आई-आप्पांना घेऊन सांगलीतल्याच एका टूरवाल्यांबरोबर केदारनाथ-बद्रीनाथ करून आलो, बरेच जण विचारतायत म्हणून लिहितोय. सगळ्यात आवडलं ते म्हणजे ही माणसं म्हाताऱ्यांना अजिबात घाई करत नाहीत. यात्रेचं रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, तेही त्यांनीच करून दिलं. २०१३ च्या पुरात केदारनाथच्या पायवाटेवरचं रामबाडा हे ठिकाण वाहून गेलं, तिथून पुढची वाट आता मंदाकिनी नदीच्या पलीकडच्या काठानं लिंचोलीवरून जाते आणि तो चढ भल्याभल्यांचा दम काढतो, मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे त्यामुळं धाप लागतेच, पण त्यांचा पोरगा आईचा हात धरून दर वळणावर थांबत थांबत वर घेऊन गेला, त्याचे उपकार कसे फेडायचे.

जेवण तर एक नंबर! आचारी आपल्याकडचाच, गुप्तकाशीच्या थंडीत गरम भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी, आप्पांनी भाकरी चुरून वर पिठलं ओतून घेतलं आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

खटकलं एवढंच, घोड्याचे पैसे वेगळे हे बुकिंगला नीट सांगितलं नाही. आणि वर केदारनाथला रूममध्ये रजया ओलसर होत्या, म्हाताऱ्या माणसांना हे चालत नाही, त्यांनी बघायलाच पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवू नका, भाऊबीजेला केदारनाथची दारं बंद होतात आणि देवाची पालखी उखीमठला जाते. गुडघे दुखत असतील तर घोडा किंवा डोलीचे पैसे आधीच बाजूला ठेवा.